आई मुद्दाम चुकायची

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. तुझी लबाडी मात्र लख्ख आठवते. रेवसच्या घरात मासळी साफ करायला बसलीस की तू ताईची आणि माझी चर्चच्या रविवारच्या शाळेतली प्रश्नोत्तरं घ्यायचीस. देव कोण, पाप म्हणजे काय, तारण कशानं मिळतं. उत्तरं आम्हाला पोपटासारखी पाठ होती आणि तुला नेमकं तेच खुपायचं. मग तू साळसूद चेहऱ्यानं म्हणायचीस, “आपुन चांगली पोरं हाव, म्हणून देव आपल्यावर माया करतो. बरोबर हाय ना?” देवाची माया चांगुलपणानं कमवता येत नाही, ती फुकटच मिळते, हे विसरून जो मान डोलावेल त्यानं मासळीची खवलं काढायची. ती बहुतेक मीच काढली. ताई एकदाही फसली नाही. एकदा मी चिडून विचारलं, “आई असून खोटं शिकवतेस?” विळीवरची नजर न उचलता तू मला झापलंस. “खोटं शिकवणारा बायबल हातात धरूनच येणार हाय. गोड बोलंल. तवा मी नसंन.”

तू नाहीस, आणि तो आला. माणगावला, ताईच्या घरी. भाऊजी गेल्यापासून ताई खचली होती आणि कुणीतरी घरी येऊन आपल्यासाठी प्रार्थना करतं, याचंच तिला अप्रूप. घरोघर प्रार्थना घेत फिरणाऱ्या या ब्रदरांनी, म्हणजे प्रचारकांनी, तिला सांगितलं की ज्याचा विश्वास पुरा, त्याला आजार शिवत नाही. इन्सुलिन घेणं म्हणजे देवावर अविश्वास. ताईनं इन्सुलिन बंद केलं. भाचीनं रडत फोन केला तेव्हा मी धावलो. ताईचे ओठ सुकले होते, पायाची जखम चिघळली होती, आणि चेहऱ्यावर समाधान. मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. मी बायबलमधली वचनं काढली, तिनं माझ्याहून जास्त काढली. शेवटी तुझीच लेक.

मी वाद सोडला. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. समोर बसलो आणि तुझ्यासारखाच साळसूद होऊन म्हणालो, “आईचा विश्वास कमी पडला, म्हणून ती आजारात गेली. बरोबर हाय ना?”

ताईचा हात थांबला. तुझे शेवटचे महिने आम्ही दोघांनी पाहिलेत. प्रार्थना संपली की तू म्हणायचीस, “आमेन. आता गोळी दे.” कळा येत असतानाही देवाचे आभार मानायचीस.

“न्हाय,” ताई म्हणाली. मग रागानं, “न्हाय. कोण म्हणतो असं?”

कोण म्हणतो ते तिचं तिलाच कळलं. बराच वेळ रडली, मग पदरानं तोंड पुसून भाचीला म्हणाली, “डॉक्टरांना फोन लाव. येते म्हणावं.”

आता ती बरी आहे. जखम भरत आलीय.

हे तुला पोचायचं नाही, आणि ताईलाही मी वाचायला देणार नाही. आपण इतकी प्रार्थना केली तरी तू गेलीस, तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात सलत होता. तिला जागं करायला म्हणून मी तो विचारला खरा, पण आई, उत्तर मलाही माहीत नव्हतं. ती ‘न्हाय’ म्हणाली, तेव्हा कुठे मला कळलं.