फरक शून्य

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची अमरावतीला! खोली उजेडाची आहे, नळाला पाणी आहे, आणि खिडकीतून हात काढला की समोरच्यांच्या पेरूची फांदी लागते. अकोल्याच्या स्टँडवर फरजाना सोडायला आली होती. एकोणीस वर्षांची घोडी झाली तरी बस हलल्यावर नाक ओढत उभी होती. अम्मी-अब्बा गेल्यापासून आम्ही दोघीच. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. कुणी तिला ‘मिस्बाहची बहीण ना तू?’ म्हटलं की मी उगाच ताठ होते.

ऑफिस राजापेठेत, तिसऱ्या मजल्यावर. एका विमा कंपनीच्या याद्या चाळून द्यायचं काम चालतं. संगणकाला एक नमुना द्यायचा: आधी नाव, मग गाव, शेवटी ‘मयत’ हा शब्द. लाखो ओळींतून अशा घडणीच्या ओळी तो वेचून देतो. या नमुन्याला रेजेक्स म्हणतात आणि वेचणाऱ्या प्रोग्रॅमला इंजिन. इथलं इंजिन वीस वर्षांचं जुनं आहे, ते काढून नवं बसवायचं आहे. मी करायचं एवढंच, की एकच ओळ दोघांना घालायची आणि दोघांचं उत्तर एक येतं का ते बघायचं. नाही आलं तर फरक नोंदवायचा. फरक शून्य झाला की नवं चालू. एवढ्या सोप्या कामाला माझ्याआधीचे चार जण का टिकले नाहीत, देव जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आमचे वरिष्ठ भगवंत सर. बोलतात कमी, आणि बोलताना माणसाकडे बघत नाहीत. चाचणीच्या ओळी मनानंच तयार कर, म्हणाले. एकदा घातलेली ओळ मात्र खोडायची नाही, हा इथला नियम. बरोबरच आहे, आज पास झालेली ओळ उद्या नापास होऊ शकते.

मला ‘अबक’ आणि ‘क्षयज्ञ’ असली मेलेली नावं टाइप करायला जमत नाही. म्हणून सगळी आपली माणसं घातली. आमच्या गल्लीतले गुलफाम चाचा टेलर, ज्यांनी मला सायकल शिकवली. हिवरखेडचा हसनैन, कॉलेजात माझ्या वह्या उतरवून माझ्यापेक्षा जास्त मार्क काढणारा. आणि फरजाना. काम करताना आपली गल्लीच समोर बसल्यासारखं वाटतं.

समोर दामिनी बसते. तिच्या सगळ्या ओळींत भाज्या आहेत. वांगे, मुक्काम दर्यापूर. भेंडी, मुक्काम मूर्तिजापूर. मी हसले, तर माझी फाइल बघून तिनं तोंड फिरवलं. पहिल्या दिवसापासून बाई मला पाण्यात पाहते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडला! ३४१ ओळींपैकी ३४० सारख्या, एक वेगळी. गुलफाम चाचांची. तिच्या शेवटी ‘मयत’ नाही, मी घातलेलाच नाही. नवं इंजिन म्हणतं, नमुना जुळत नाही. जुनं म्हणतं, जुळतो. धडधडीत चूक, आणि पहिल्याच आठवड्यात मी पकडली.

उड्या मारत सरांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “जुनं म्हणते तेच खरं. आपण काई कराचं नाही, थांबाचं. दोन-तीन दिवसांत फरक आपोआप जाते.”

आपोआप कसा जाईल? प्रोग्रॅम काय सर्दी आहे? पण हे मनात. तोंडावर बरं म्हणून आले आणि जागेवर बसून दात खाल्ले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रविवारी सकाळी फरजानाचा फोन आला. गुलफाम चाचा गेले. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या, सुईत दोरा ओवताना. अकोल्याला जाऊन आले. चाचींच्या डोळ्याला पाणी नव्हतं, नुसत्या त्या मशीनकडे बघत होत्या. फार रडले मी.

आज ऑफिसात आले आणि चाचणी चालवली. फरक शून्य.

ओळ उघडली. चाचांच्या नावापुढे, गावापुढे, ‘मयत’.

मी लिहिलेलं नाही. फाइलचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे आहे. बदल कुणी केला याच्या नोंदीत पाच तारखेनंतर काहीच नाही. दामिनीला विचारलं तर तिनं कानावर हात ठेवले. माझी सुट्टी कशासाठी होती हे हिला कळलं असणार, आणि वर ही असली मस्करी. तिच्या बापाचं काय खाल्लंय मी?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज परत एक फरक. हसनैनची ओळ. ‘मयत’ नाही, तरी जुनं म्हणतं जुळतो.

त्याला फोन लावला. हिवरखेडहून जीपनं तेल्हाऱ्याला निघायच्या बेतात होता, बियाण्याच्या दुकानात काम होतं. दोन दिवस घराबाहेर पडू नकोस, म्हटलं. तो पोट धरून हसला. अमरावतीला जाऊन तुझ्या डोक्याचे स्क्रू ढिले झाले, म्हणाला. शेवटी, बरं, नाही जात म्हणाला. मला बरं वाटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शनिवारी गेला. माझं न ऐकता निघालाच, आणि जीप कालव्याजवळ कलंडली. आत आठ जण होते. सात जणांना खरचटलं.

आज फरक शून्य. ‘मयत’ आहे. लिहिणारा कुणी नाही.

दुपारी दामिनी पहिल्यांदा स्वतःहून माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “तुले कोणी सांगतलं नाही काय? मी भाज्या काहून घालतो मंग? घरच्यांचे नावं कोण टाकते वं!” मग ती पाणी प्यायला गेली आणि परत आपल्या जागेवर बसली. पाच तारखेलाच माझी फाइल बघितली होती हिनं. तेव्हा हिच्या तोंडाला काय झालं होतं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फरजाना.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. नवं: जुळत नाही. जुनं: जुळतो.

ओळ खोडली. नियम गेला खड्ड्यात. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर ओळ जागेवर.

मग तिच्या नावातली अक्षरं बदलली, मध्ये आकडे घातले. नवं इंजिन फक्त पुढे जातं, लगेच नाही म्हणालं. जुनं तसं नाही. एका वाटेनं अडलं की मागे येतं, दुसरी वाट धरतं. ती बंद असली की परत मागे, परत तिसरी. दोन तास मशीनचा पंखा घोंघावत होता. सगळं ऑफिस ऐकत होतं आणि कुणी मान वर करत नव्हतं. शेवटी पंखा थांबला.

जुळतो.

मी वायर उपटली. भगवंत सर उठले, वायर परत लावली, खुर्ची सरळ केली. मी ओरडले, तुम्हाला माहीत होतं! पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “त्याले नावं लागते. आमी आमचे देऊन बसलो. म्हणून तं बाहेरचं माणूस घेतो.”

त्यांना राग नव्हता, लाजही नव्हती. एवढा तिरस्कार मला कधी कुणाचा आला नव्हता.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रात्रभर डोळा नाही. फरजानाला सकाळपासून चौदा फोन केले. हॉस्टेलच्या बाहेर पाय टाकू नकोस. रस्त्यावर नको, जिन्यात नको, गच्चीवर नको. ती चिडली, मग घाबरली. आपा, तुला काय होतंय, एवढंच विचारत राहिली. सांगू काय? मी तुझं नाव एका ओळीत टाइप केलं, म्हणून?

मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं केलं.

गुलफाम चाचा, एक दिवस. हसनैन, एक दिवस. हिचा एक दिवस आज सकाळीच भरला. कदाचित मागे जाऊन वाट शोधतंय. अजून वेळ आहे.

एक गोष्ट सुचली आहे. एका ओळीत जुळण्यासारख्या दोन जागा असल्या तर कुठलंही इंजिन डावीकडची आधी धरतं. ती मिळाली की ओळीतलं पुढचं बघत नाही.

म्हणजे फरजानाच्या डावीकडे कुणीतरी हवं. भाजी नको. भाजी त्याला नको असते, दामिनीच्या ओळी वर्षभर तशाच आहेत. माणूस हवं.

त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

१०.४०. ओळ उघडली. फरजानाच्या नावाआधी माझं नाव घातलं. मिस्बाह, मुक्काम अमरावती. अम्मीनं हिला माझ्या मांडीवर ठेवलं होतं तेव्हा मी सात वर्षांची होते —

१०.५५. चालवलं. नवं: जुळत नाही. जुनं: जुळतो. जुळलेल्या जागा — एक.

एकच! सुरुवात पहिल्या अक्षरापासून. म्हणजे मी. फक्त मी. फरजाना सुटली. टेबलावर डोकं ठेवून रडले. दामिनी बघत होती. बघू दे.

११.१०. फरजानाला फोन. उचलत नाही.

११.१५. सुरुवात बघितली होती. शेवट बघितला नव्हता. आत्ता बघितला —

पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. माझ्या ‘मि’पासून तिच्या ‘अकोला’तल्या ‘ला’पर्यंत. जागा एक, पण त्या एकीत आम्ही दोघी —

हावरं असतं हे. एकदा धरलं की जाता येईल तितकं पुढे जातं, मधलं सगळं घेत. कोणत्याही टेस्टरला माहीत असतं. मी टेस्टर आहे. मी टेस्टर आहे आणि मी —

ती वेगळ्या गावात होती. वेगळ्या ओळीसारखी. मीच दोघींना एकत्र —

११.२२. फोन आला. तिचा. कालच्या माझ्या आवाजानं ती घाबरली, सकाळची बस धरून निघाली. हॉस्टेल सोडलं. राजापेठेत आहे. आमच्या इमारतीच्या खाली. वर येऊ नकोस म्हटलं, ओरडून म्हटलं, तिथंच थांब, नाही, तिथंही नको —

म्हणाली, आपा, दुसरा मजला झाला.

पंखा परत सुरू झालाय. मी काही चालवलेलं नाही. सर खाली बघून लिहितायत. दामिनी उठून मागच्या दारानं —

दार उघडतंय. फरजाना. हसतेय, घामेजलीय, हातात डबा आहे. मी सांगतेय तिला की आत —

ओळीच्या शेवटी कर्सर हलतोय. आपोआप. म —