वसुबारस झाली की

बाबा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. पाच वर्षं, म्हणाला होतात तुम्ही आईला. पाच वर्षं या गावात काढू, मग एडमंटनला जाऊ, तिथे आपली माणसं आहेत, गणपती असतो, गवारीची भाजी मिळते. परभणीहून थेट कॅनडात आलेली ती पंचविशीची मुलगी, कडेवर मी, आणि समोर काय, तर एक रस्ता, एक चर्च, गुरांच्या खाद्याचं एक फीड स्टोअर आणि नजर जाईल तिथवर गुरं. तुमचं बरं होतं. तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हाला गुरंच हवी होती. पाचाची वीस वर्षं झाली, मग एका सकाळी पिकअपमध्ये बसल्या बसल्या तुम्ही गेलात, आणि आईला तिथून हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते करता करता माझ्या नाकी नऊ आले.

मागच्या जानेवारीत ती ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना घसरून पडली. मनगट मोडलं. उणे अठ्ठावीसमध्ये अर्धा तास पडून होती, शेजारच्या रँचरने त्याच्या ट्रॅक्टरवरून बघितलं म्हणून वाचली. गावातला दवाखाना आता आठवड्यातून दोनच दिवस उघडतो. मी एडमंटनहून साडेतीन तास गाडी हाणत गेले, आणि बाईसाहेब प्लास्टर घातलेल्या हाताने मलाच विचारतात, जेवलीस का. मी म्हटलं, आता बास, चल माझ्याकडे. घर रिकामं आहे, मी एकटी आहे, खालच्या वॉशरूमला मी धरायला दांड्या लावून घेतल्यात. तर म्हणाली, वसुबारस झाली की बघू. हे उत्तर मी दहा वर्षं ऐकत होते. वसुबारस झाली की दिवाळी, दिवाळी झाली की बर्फ, बर्फात कोण सामान हलवतं, उन्हाळ्यात तिच्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार, आणि मग आलीच की वसुबारस.

या वसुबारशीचं खूळही तुम्हीच सुरू करून दिलंत. मी सहा वर्षांची असेन. आईने सहज म्हटलं, घरात पितळेची गायसुद्धा नाही आणि बाहेर हजार गाई आहेत. तुम्हाला तेवढंच पुरे. तुम्ही शेजाऱ्याकडे गेलात आणि एक गाय मागितलीत, वासरासकट. आता हा रँचर, त्याला काय कळणार. त्याच्या गाई कुणाच्या दारातल्या नव्हेत, रानात सोडलेल्या, वासराजवळ गेलात तर लोळवतील अशा. मग लस टोचायला गाय ज्या लोखंडी शूटमध्ये अडकवतात, त्यात तुम्ही तिची मान अडकवलीत, वासरू शेजारी बांधलंत, आणि आईला म्हणालात, कर आता पूजा, दोन मिनिटांत आटप. मला अजून दिसते आई. नऊवारी नाही की काही नाही, साडीवर तुमचा थंडीचा जाड पार्का, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात ताम्हण. गाय डोळे फिरवतेय, फुसफुसतेय, आणि आई तिच्या पांढऱ्या कपाळाला कुंकू लावतेय. शेजाऱ्याने हॅट काढली होती. का काढली ते त्यालाही ठाऊक नसावं. मी खिदळले, तर तुम्ही माझा कान असा पिळलात की घरी जाईपर्यंत दुखत होता.

पण खरी गंमत त्या वेळी माझ्या लक्षातच आली नव्हती. वसुबारस येते ती नेमकी त्यांच्या वीनिंगच्या दिवसांत. वासरं आयांपासून तोडायची, वेगळ्या कोरलमध्ये, म्हणजे कुंपणाच्या वाड्यात, घालायची, आणि ट्रक आला की विकायला धाडायची. तीन दिवस गाव नुसतं हंबरत असतं. खिडक्या लावून घेतल्या तरी ऐकू येतं. म्हणजे आईला गाय-वासराची जोडी हवी तेव्हा अख्ख्या गावात जोडी म्हणून शिल्लक राहत नाही. शेजाऱ्याने यावर एकच केलं, काही न विचारता. दर वर्षी एक जोडी न तोडता ठेवायची. आई सप्टेंबरमध्ये त्याला फोन करून तारीख सांगायची, कारण आपली तारीख दर वर्षी सरकते, आणि तो म्हणायचा, ऑल राइट, मिसेस डॉक. त्याची माणसं हसायची, वासराचं वजन-भाव सगळं चुकायचं, पण कुंपणाजवळच्या छोट्या कोरलमध्ये ती दोघं उभी असायचीच. तुम्ही गेलात त्या वर्षीही होती.

सोळाव्या वर्षी मी आईला टोचून बोलले होते. म्हटलं, कुंकू लावतेस, ओवाळतेस, आणि पुढच्या आठवड्यात तेच वासरू ट्रकमध्ये चढतं, तुला माहीत आहे ना? ती बाजरीच्या भाकरीला पाणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. आठ दिवस जास्त आईजवळ राहिलं ना." मी तेव्हा डोळे फिरवले. तुम्ही पेपर वाचत बसला होतात आणि नेहमीप्रमाणे कुणाचीच बाजू घेतली नाहीत.

तर बाबा, आता ऐका मी काय केलं ते. या ऑक्टोबरमध्ये, वसुबारशीच्या दहा दिवस आधी, मी ऑफिसच्या पार्किंगमधून शेजाऱ्याला फोन लावला. सांगितलं की आई एडमंटनला यायचंय म्हणतेय, यंदा जोडी ठेवू नका, तिला नको आहे.  तो म्हणाला, "शी से सो?" सप्टेंबरमध्येच तिने त्याला तारीख दिली होती, त्याला नवल वाटणारच. मी म्हटलं, "येस." एवढं सोपं होतं ते. मला वाटलं, जोडी नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर सबब नाही. दहा वर्षं जे भांडून जमलं नाही ते एका फोनमध्ये उरकलं, असं म्हणून मी स्वतःवर खूशसुद्धा झाले.

त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेले. आई दिवसभर उपाशी, दुधाचा थेंब नाही, नेमाप्रमाणे. उन्हं उतरताना ताम्हण घेऊन निघाली, मोडलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं म्हणून ते पोटाशी धरून. मी मागून. कोरल रिकामं. लांबच्या कुंपणाआड गाई हंबरत होत्या, वासरं सकाळीच गेली होती. ती उभी राहिली. मी बोलायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं बाबा, पण तेवढ्यात ती म्हणाली, "विसरले वाटतं." घरी येऊन ताम्हण ओट्यावर ठेवलं. चहा टाकला आणि त्यात दूध घातलं. वसुबारशीला, तिने. उभ्याउभ्याच प्यायली आणि मला विचारलं, पॅकिंग कधी करायचं?

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी तिच्यावरच डाफरले, की इतकी घाई काय आहे, नीट विचार कर. कमाल आहे ना माझी? महिन्याभरात घर आवरलं. निघालो त्या सकाळी शेजारी त्याच्या फाटकाशी उभा होता, हॅट हातात धरून. आई समोर बघत बसली. मी गाडी हळू केली, तर म्हणाली, चल, रस्ता निसरडा व्हायच्या आत पोचू.

आता ती इथे आहे. खालच्या खोलीत टीव्ही लावते, शनिवारी मंडळाच्या बायकांमध्ये जाते, गवार निवडते. तुम्ही कबूल केलेलं सगळं तिला मिळालंय, अडतीस वर्षं उशिरा. शेजाऱ्याचा फोन तीनदा आला. ती हात हलवून सांगते, झोपलेय म्हणून सांग. कुणाबद्दल वाईट बोलायची तिला सवय नाही, त्यामुळे बोलत नाही, पण त्याचं नाव निघालं की खोलीतून उठून जाते. काल चौथ्यांदा आला. या खेपेला त्याने आईला द्या म्हटलंच नाही. मला विचारलं की आपलं काही चुकलं का, जाताना तिने बघितलंसुद्धा नाही. एक्क्याऐंशीचा आहे तो. मी म्हटलं, नो नो, शी इज जस्ट टायर्ड. माझ्या मनाचं हे दुसरं खोटं, आणि हे पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

तुमच्यावर चिडून हे पत्र सुरू केलं, कारण तुमच्यावर चिडणं सोयीचं आहे, तुम्ही उलटून बोलत नाही. एक वाक्य आहे. खाली जायचं आणि म्हणायचं, आई, ते विसरले नव्हते, मी त्यांना नको म्हणून सांगितलं. ती मला दोन शब्द बोलेल, फोन लावेल, आणि बर्फ वितळायच्या आत परत जायला निघेल, मी ओळखते तिला. लोकांना मी सांगते की तिच्या मनगटाची काळजी वाटते, तिकडे डॉक्टर नाही, म्हणून आणलं. ते खरं आहे, पण ते कारण नाही. मी ऑफिसातून आले की खालून ती "आलीस का?" म्हणून विचारते. मला ते हवं आहे, बाबा, म्हणून मी सांगत नाहीये.