नव्या बाईंचा संघ

दि. ९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कंबरेचे व्यायाम तुम्ही टाळता हे आईनं आधीच कळवलंय, तेव्हा मला थापा मारू नका.

इकडची बातमी अशी, की तुमच्या जागी बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून नव्या बाई रुजू झाल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी तुम्ही जमवलेल्या बारा मुलींपैकी पाच जणींना घरी बसवलं. त्यात कप्तानही आली. त्यांच्या जागी घेतलेल्या पाच जणींत कोण, तर एक धावपटू, एक आजवर फक्त पोहत आलेली, आणि एक इतकी बुटकी की बाकीच्या तिला मुंगी म्हणतात. कप्तानचे वडील प्राचार्यांच्या खोलीत तासभर टेबल बडवून गेले. मग प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. बाईंनी संघ कसा बांधला, मुलींना किती घडवलं, हे आम्ही पाहायचं आणि त्यांना पुढे ठेवावं की नाही ते डिसेंबरात सांगायचं. एक क्रीडा सचिव, एक गणिताचे प्राध्यापक आणि तिसरी मी. ग्रंथपालाला शेवटपर्यंत गप्प बसता येतं, असं प्राचार्यांचं म्हणणं.

मला यातलं काय कळतं, बाबा? सव्वीस वर्षं तुम्ही जेवताना वाट्या सरकवून चाली दाखवल्यात, तेवढंच. प्रशिक्षक जोखायचा कसा ते सांगा. नेमणुकीच्या पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे, त्यात बाईंचं नाव आहे. ओळखीच्या आहेत का? तिशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या, जिना उतरताना डावा पाय जपून टाकतात.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पण व्यायाम केलात तर वाढेल.

तुमची,
ठकी


दि. २० जुलै

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंबर जागेवर आहे आणि जीभही. पत्रक वाचलं. संघ म्हणजे भाजी नव्हे, की जून दिसली म्हणून बाजूला काढली. त्या पाचही मुली मी शाळाशाळांतून हेरून आणल्या होत्या. कप्तान पास देत नाही, हे काय मला दिसत नव्हतं? पण ती सामन्याला वीस गुण करायची, आणि वीस गुण करणारीला मी पास शिकवत बसलो नाही. पोहणारीला घेऊन या बाई पाण्यात खेळणार आहेत का?

तरी तू विचारलंस म्हणून खरं ते सांगतो. गुणफलकाकडे बघून प्रशिक्षक जोखू नकोस. पहिल्या पाच जणी आपल्या अंगच्या गुणानं खेळतात. तू बारावीकडे बघ, जी बाकाच्या टोकाला बसते आणि जिला कुणी विचारत नाही. ती आज काय करू शकते ते लिहून ठेव, आणि नोव्हेंबरात पुन्हा लिही. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी.

ओळखीचं विचारलंस. सव्वीस वर्षांत कितीतरी मुली येऊन गेल्या.

बापाला लोभ असू दे म्हणायची पाळी येऊ नये, इतपत पत्रं टाकत जा.

तुझा,
बाबा

ता. क. ठके, हे मी आई लिहितेय. पत्रक आल्यापासून हे दोन दिवस धड बोललेले नाहीत. काल भरल्या ताटावरून उठले. तुला काही ठाऊक असेल तर कळव.


दि. ४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ सामने झाले, सहा हरलो. क्रीडा सचिव दर सामन्यानंतर माझ्याकडे असं बघतात, जणू चेंडू मीच घालवला.

पण तुम्ही सांगितलंत तसं मी बारावीकडे बघते आहे. बारावी म्हणजे मुंगीच. जुलैत तिला डाव्या हातानं चेंडू चार पावलंही नेता येत नव्हता. दहा फ्री थ्रोंत दोन जाळीत पडायचे. परवा मी मोजले, सात पडले. सरावाची पहिली चाळीस मिनिटं चेंडू कपाटात बंद असतात. नुसती पावलं, वळणं, थांबणं. प्रत्येकीची एक वही आहे, तिच्यात आज काय जमलं नाही ते लिहायचं. तुमच्या वेळची लांबोडी, संघातली सगळ्यात उंच पोर, आता पास देते आणि दिल्यावर हसते.

बाईंचं सगळंच बरोबर आहे असं नाही. कप्तानला त्यांनी कारण न सांगता काढलं. ती पोर महिनाभर जिमच्या दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. मी बाईंना तसं बोलले. त्या म्हणाल्या की चुकलंच, आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आल्या.

आता जे लिहायचं ते लिहिते. वाचनालयात कॉलेजची जुनी वार्षिकं लावताना चौदा वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचा फोटो निघाला. मी तेव्हा शिकायला दूर होते. मधोमध तुम्ही, हातात चषक. टोकाला कुबड्या घेतलेली एक मुलगी आणि खाली छापलेलं, की अंतिम सामन्यात पाय घसरून ती जखमी झाली. तो चेहरा नव्या बाईंचा आहे. मी वार्षिक त्यांच्यापुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, पाय घसरला नव्हता. गुडघा आठवडाभर सुजलेला होता आणि डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून बजावलं होतं. सरांनी विचारलं, खेळशील ना? एकोणीस वर्षांची मुलगी सरांना नाही कसं म्हणणार, एवढंच बोलून त्या सरावाला गेल्या. त्यानंतर त्या कधी खेळल्या नाहीत, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

बाबा, हे खरं आहे का?

या पत्राला उत्तर लिहाल, एवढा लोभ असावा.

ठकी


दि. २८ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तीन पत्रं लिहून फाडली. खरं आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. दुखतंय का, असं मी तिला विचारलंच नाही. खेळशील ना, असं विचारलं. दोन्हींत काय फरक आहे ते मला त्याच वेळी कळत होतं. सामन्याच्या उत्तरार्धात ती उडी मारून खाली आली आणि उठली नाही. तिला उचलून बाहेर नेलं आणि मी राखीव मुलगी आत पाठवली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

दवाखान्यात एकदा गेलो. तिची आई माझ्याशी नीट बोलली, खुर्ची दिली. ते सहन झालं नाही, म्हणून परत गेलो नाही. पत्रकात नाव वाचलं तेव्हाच ओळखलं होतं. तुला उडवाउडवीचं लिहिलं.

तुझ्या आईला काल सांगितलं. तिनं मला जेवायला वाढलं, स्वतः बसली नाही.

लोभाचं तुझं तू ठरव.

बाबा


दि. ६ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला उशीर केला. राग होता, अजून आहे. तरी घडलं ते कळवायला हवं.

ऑक्टोबरनंतर संघ लागोपाठ पाच सामने जिंकला आणि उपांत्य फेरीत पोचला. काल तो सामना झाला. सहा मिनिटं उरलेली, आपण दोन गुणांनी पुढे, आणि लांबोडीचा घोटा मुरगळला. ती एका पायावर उभी राहून, रडून सांगत होती की मला खेळू द्या. पहिल्या रांगेतून क्रीडा सचिव ओरडले की पट्टी बांधा आणि पाठवा. बाईंनी तिला बाकावर बसवलं, स्वतः तिच्या बुटाची नाडी सोडली आणि मुंगीला आत पाठवलं. मुंगी जिवाच्या आकांतानं खेळली. दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही पाडले. पण समोरच्या उंच मुली तिच्या डोक्यावरून चेंडू घ्यायच्या, त्याला ती काय करणार? एका गुणानं हरलो. कप्तानचे वडील जे बोलले ते लिहीत नाही.

समिती पंधरा तारखेला बसते. सचिव म्हणतात, हातातला सामना घालवणारा प्रशिक्षक नको. गणिताचे प्राध्यापक जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांचा तक्ता करून त्यांच्या बाजूला झुकलेत. म्हणजे मी एकटी. प्राचार्यांनी सुचवलं की वडिलांचं मत मागवा, त्यांच्या शब्दाला वजन आहे. मी मागवणार नाही म्हणून सांगितलं. हे पत्रही मागणं नव्हे. मुलीनं बापाला बातमी कळवली, एवढंच समजा.

आईची काळजी घ्या. तिनं तुमची घ्यावी, असं तिला मी लिहिते आहे.

ठकी


दि. ११ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

प्राचार्यांना आज पत्र टाकलं. त्यातला मुख्य भाग तुझ्यासाठी उतरवून देतो.

“संघनिवडीबद्दल माझं बाईंशी जमत नाही. उंच मुली कमी घेतल्या, त्याची किंमत उपांत्य सामन्यात मोजावी लागली. कप्तानला सांभाळून घेता आलं असतं. पण त्यांनी बारावी मुलगी पाच महिन्यांत इतकी तयार केली, की अटीतटीच्या सामन्यात ती बिनधास्त उतरवता आली. सव्वीस वर्षांत माझी बारावी अशा सामन्यात कधी उतरली नाही. मी तिला तयारच केली नव्हती.

“मुरगळलेल्या पायाच्या मुलीला मी खेळवलं असतं आणि बहुधा जिंकलोही असतो. चौदा वर्षांपूर्वी मी तेच केलं. डॉक्टरांची मनाई खिशात ठेवून सुजलेल्या गुडघ्यावर एका मुलीला खेळवलं. तो चषक आपल्या कपाटात आहे, आणि ती मुलगी आज आपल्याकडे प्रशिक्षक आहे. वार्षिकात पाय घसरल्याचं छापलंय, ती ओळ मी लिहून दिली होती. ती खोटी आहे. कोण जास्त चांगला प्रशिक्षक, हे समितीनं ठरवावं.”

बाईंना ही नक्कल द्यायची असेल तर दे. भेटायची माझी इच्छा आहे, पण ती त्यांच्यावर लादू नकोस.

आशीर्वाद खरे आहेत, तेवढे मनात असू देत.

बाबा


दि. १७ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

समिती बसली. तुमचं पत्र प्राचार्यांनी स्वतः वाचलं आणि वाचताना मध्ये दोनदा थांबले. गणिताच्या प्राध्यापकांनी आपला तक्ता घडी करून फाइलीत ठेवला आणि माझ्या बाजूनं मत दिलं. सचिव शेवटपर्यंत विरुद्धच राहिले. बाईंना दोन वर्षं मिळाली. लांबोडीच्या घोट्याची सूज उतरते आहे, पंधरा दिवसांत ती चालायला लागेल.

नक्कल मी बाईंना वाचनालयात दिली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली, मग खिडकीशी जाऊन पुन्हा वाचली. त्या म्हणाल्या, माफीची त्यांना फारशी गरज नव्हती. पण चौदा वर्षं ती छापील ओळ वाचून वाचून, आपणच तर काही चुकीचं आठवत नाही ना, असं त्यांना वाटू लागलं होतं. घरच्यांनीही हळूहळू घसरण्याचीच गोष्ट धरली होती. त्यांनी एवढंच मागितलं, की वार्षिकातली ओळ दुरुस्त व्हावी. मी त्याच दुपारी चिठ्ठी टंकून त्या पानावर डकवली आणि खाली माझी सही केली. आडनाव तुमचंच आहे, ते लिहिताना हात थांबला होता.

तुमच्या भेटीचं विचारलं. नाही म्हणाल्या. सरळ, न रागावता. आज नको आणि पुढचंही सांगता येत नाही, असं म्हणाल्या. मी बरं म्हटलं. मग पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, की जिमचं दार सरावाच्या वेळी उघडंच असतं आणि पायऱ्यांवर कुणीही येऊन बसतं, त्या कुणाला उठवत नाहीत.

सराव मंगळवारी साडेचारला सुरू होतो. पहिली चाळीस मिनिटं चेंडू दिसणार नाही, तेव्हा घाई करू नका. आईला सोबत आणा.

माझा लोभ आहे, बाबा. राग त्याच्या शेजारीच बसलाय, पण आहे.

तुमची,
ठकी