आज भाकरी नाही

मंगळवार

ऑफिसातून येतानाच ठरवलं, आज भाकरी थापायची नाही. कुकरात मुगाची खिचडी, वर तूप, बाजूला खर्डा. बस्स. पण सासऱ्यांना सांगायचं कसं? रात्रीच्या ताटात दोन भाज्या, आमटी, भात आणि भाकरी लागतेच त्यांना.

ताट बघून म्हणालेच, "आणि भाकरी?"

"आज नाही केली, मामा." मी घाईघाईनं तुपाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. एवढ्याशा भाकरीसाठी!

मामांनी सासूबाईंकडं पाहिलं. वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्या खिचडीवर तूप ओतत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं रोज थापल्या भाकऱ्या. मला बी कटाळा यायचा की. पण म्हणायचं कुणी? जेवा गप."

मामा गप जेवले. वर आणखी खिचडी मागून घेतली!

मामांची टीव्हीवरची मालिका सुरू व्हायच्या आत ओटा पुसून झाला. एवढ्या मोकळ्या वेळाचं करायचं काय, आम्हा दोघींनाही कळेना. शेवटी चपला घातल्या आणि रंकाळा तलावापर्यंत चक्कर मारून आलो. इतकी वर्षं एका घरात राहतोय, पण सासूबाई माझ्यापेक्षा भरभर चालतात, हे मला आज कळलं.