न्हाणीतली ज्योत

रविवार, २८ नोव्हेंबर १९३७

पुन्हा विझली! बाळाला पायांवर घेतलं, तेल चोळून झालं, बंबाकडे बघते तर ज्योत गायब. कोमट पाण्यातच उरकावं लागलं. बुलढाण्याची थंडी, आणि हे कोवळं लेकरू!

हा बंब म्हणजे यांचं खूळ. एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात हे जुनं धूड हाती लागलं. बाहेरच्या टाकीत कार्बाईडचे खडे टाकायचे, वर पाणी सोडायचं, की गॅस तयार. तो नळीने आत येतो आणि बंबाखालची शेगडी पेटते. ती पेटती राहावी म्हणून शेजारी करंगळीएवढी एक ज्योत सतत ठेवायची. ती विझली की सगळंच थंड. "वकिलाची लेक बाळंतपणाला आली आणि घरात लाकडं फुंकायची?" म्हणाले. आमचा तांब्याचा बंब काय वाईट होता? पण नाही!

वर त्या ज्योतीला नंदादीप म्हणतात. म्हणू नका, असं मी बजावलं. विझली की मनात नाही नाही ते येतं. माझ्या लेकीचं, पद्माचं, पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं. याला मी काही होऊ देणार नाही.

३० नोव्हेंबर

आमच्या गड्याला, कडूबाला धरलं. टाकी तोच भरतो. म्हणे, "बाईसाहेब, मी काऊन इझवीन? मले तं त्याच्या जवळ जायाचंच भेव लागते. साहेबाचं भूत हाये त्यात!" भूत कसलं! याचा भाऊ धाड गावच्या बाजारात दुकानदारांचे दिवे लावतो. कार्बाईडचेच! आमचे खडे तिकडेच जात असणार. खडे आता माझ्या कुलपात.

सुईणीलाही उद्यापासून येऊ नको म्हटलं. बाळाकडे फार बघते. न्हाऊ मीच घालीन.

२ डिसेंबर

कुलूप लावलं, तरी विझली. म्हणजे कडूबा नव्हे. निदान या बाबतीत तरी नव्हे.

यांनी सुई घेऊन तोटी साफ केली, नळी फुंकली, कोट काजळीने माखून घेतला. शेवटी म्हणाले, "वारा लागत असेल." बाळंतिणीच्या न्हाणीत वारा? मी काय खुळी आहे? पहिल्याच दिवशी झरोक्यात चिंध्या कोंबल्यात, दाराखाली गोणपाट सारलंय. तरी आणखी एक जुनं लुगडं फाडून कोंबलं. आता वाऱ्याची काय बिशाद आत यायची!

३ डिसेंबर

विझली. माझं डोकं ठणकतंय. पद्माचंही. न्हाणीतून आली की भिंत धरून चालते. दोघींना एकदमच बरं दुखतं? दृष्टच ही. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

५ डिसेंबर

आज शहाण्यासारखी जळली! पाणी कढत. पद्माही बरी दिसली. मला मात्र हायसं वाटायच्या ऐवजी खटकलं. आजच काय वेगळं झालं?

आमच्या आधी जाऊबाई आत गेल्या होत्या. मंजुळाबाई, माझ्या थोरल्या जाऊ. भावजी वारल्यापासून इथेच असतात. पोटी मूलबाळ नाही. बाळाला एकदा मांडीवर घेतलं की परत देववत नाही त्यांना. जिला ज्योत जळती ठेवता येते, तिला विझवताही येत असणार. लक्ष ठेवायला हवं.

६ डिसेंबर

आजही नीट. आजही आधी जाऊबाई आत. उद्या बघते.

७ डिसेंबर

पकडलं! दाराआड उभी राहून पाहिलं. पाटावर चढून त्या झरोक्यातल्या चिंध्या उपसत होत्या, वर लुगडं तेवढं पडद्यासारखं सोडून!

"हे काय जाऊबाई?"

दचकल्या. म्हणाल्या, "कायले कोंबतं वो विमल एवढं? जीव घुटमळते आत. न्हाणं झालं की मी भरतोच ना परत."

म्हणजे रोज! रोज माझ्या लेकीला वारा लावत होत्या! "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

पद्मा आवाज ऐकून दाराशी आली होती. जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. "कोन सांगन? मलेच वाटलं."

बाळंतिणीला वारा लागला तर काय होतं, हे त्यांना कळत नाही? या वयात? मी तोंडाला येईल ते बोलले. तुमची कूस उजवली नाही म्हणून माझ्या लेकीची बघवत नाही, असंही बोलले. पद्मा रडायला लागली. बाळंतिणीने रडू नये म्हणून मग तिलाही रागावले.

८ डिसेंबर

जाऊबाई रोहिणखेडला भावाकडे गेल्या. बैलांच्या दमणीत बसताना बाळाकडे बघितलंसुद्धा नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही! चिंध्या पुन्हा गच्च भरल्या.

९ डिसेंबर

विझली! त्या घरात नाहीत, तरी विझली! जाताना काही करून गेल्या की काय?

११ डिसेंबर

चिखलीहून मोटार दुरुस्त करणारा आणवला. त्याने तोटीचं भोक मोठं करून दिलं. ज्योत आता अंगठ्याएवढी. "वावधान सुटलं तरी इझत नाही आता, बाई." बघू.

१२ डिसेंबर

विझली नाही.

बाळाला न्हाऊ घालून मी बाहेर आले, दार ओढून घेतलं, गोणपाट सारलं. बाळाला शेकत होते. आत पद्मा अंगावर पाणी घेत होती. तांब्याचा आवाज थांबला. हाक मारली. पुन्हा मारली. दार ढकललं तर पद्मा ओल्या फरशीवर, मान टाकलेली. आणि ज्योत जळतेच आहे! पिवळी, काजळी धरलेली.

मी लुगडं टाकलं अंगावर, आणि कडूबाने नि यांनी तिला उचलून अंगणात आणलं. उघड्यावर. झोंबरा वारा सुटला होता. त्या वाऱ्यातच तिने श्वास घेतला. देवा!

डॉक्टरांना बोलावलं. न्हाणी बघून ते म्हणाले, "बाई, आतली हवा संपत होती म्हणून ज्योत विझायची. आणि विझायची म्हणून तुम्ही लवकर उरकून बाहेर पडत होता. तुम्ही तिचं विझणं बंद केलंत." मग स्वतः पाटावर चढून झरोका मोकळा केला. माझं लुगडं निघता निघत नव्हतं.

१३ डिसेंबर

पद्मा झोपून आहे. बाळ ठीक. कार्बाईडची टाकी कडूबाने उचलून नेली, कुठे ते विचारलं नाही.

१४ डिसेंबर

पद्मा उठून बसली. म्हणाली, "आई, चिंध्या काढायला काकूला मीच सांगितलं होतं. मला आत कोंडल्यासारखं व्हायचं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझी भीती वाटते."

दमणी जुंपायला सांगितली आहे. रोहिणखेडला मीच जाते.