काडतूस बदलायचं की लाकूड कापायचं

मु. वरूडखेड, ता. राळेगाव
१४ डिसेंबर २०२५

चि. अंकुर,

तुला, अर्पिताला आणि माझ्या खुशीला भरपूर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' वाचून लगेच फोन लावू नकोस, आधी पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. मी काही म्हणायला गेले की "आई, ते आपण संक्रांतीला बोलू" म्हणून मोकळा होतोस. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातली पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. थंडी यंदा चांगली पडली, हरभरा जोमात आहे. शेजारच्या मानीबाईची गाय व्याली, तिने खरवस पाठवला. तुझी आठवण आली आणि तुझ्या वाट्याचाही मीच खाल्ला. गुडघा बरा आहे. अर्पिताने दिलेलं तेल लावते. वास फार आणि गुण थोडा, पण हे तिला सांगू नकोस.

रहेमानभाईंकडची रायफल तयार होऊन घरी आली. थोडी कापाकापी करावी लागली, ते पुढे लिहिते.

तुझे बाबा गेल्यावर बंदुकीचा परवाना माझ्या नावावर करायला तूच मला यवतमाळला कचेरीत नेलं होतंस. "नावापुरता राहू दे" म्हणालास. त्यांची बारा बोरची बंदूक खिळखिळी झाली होती, म्हणून रीतसर परवानगी काढून रहेमान मिस्त्रींकडे रायफल बांधायला टाकली. नळी आणि यंत्र कारखान्यातून येतं, पण खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता ते मापावर हाताने घडवतात, शिंप्याकडे ब्लाउज टाकावा तसं. दिवाळीत आपण दोघं दुकानात गेलो तेव्हा त्यांनी हसत हसत तुझा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजला होता. आठवतं? मला वाटलं, गंमत चालली आहे.

तू पुण्याला गेलास आणि काडतुसाचा प्रश्न निघाला. रानडुकरासाठी इकडे दोनच चालतात, तीनशे पंधरा आणि थर्टी ओ सिक्स. रहेमानभाईंनी दोन्ही काउंटरवर शेजारी उभी केली. सख्खी भावंडं दिसत होती. गोळीची जाडी जवळजवळ सारखी. तीनशे पंधरा जरा बुटकं, त्याच्या बुडाला काठ असतो. थर्टी ओ सिक्स उंच, त्यात दारू जास्त, त्यामुळे गोळी वेगाने आणि सरळ जाते, पण खांद्याला धक्काही तसाच बसतो. तू मला फोनवर विचारलं होतंस, "आई, तुला काय करायचंय त्यातलं?" आता सांगते, मला सगळंच करायचं होतं.

दुकानात दोन तट पडले होते. तांड्यावरचा पूनमसिंग, ज्याला वनखातं डुकरं मारायला बोलावतं, तो तीनशे पंधराचा भक्त. "काकू, मी सारी उमर हेच चालवून राह्यलो. नरम असते, खांद्याले त्रास नाई." रहेमानभाई लगेच उसळले. "अरे, नरम ते म्हाताऱ्यायले! वहिनी, थर्टी ओ सिक्स घ्या. डुक्कर जाग्यावर बसते. जखमी होऊन कापसाच्या पऱ्हाटीत घुसलं, मंग कोन जाईल त्याच्यामांगं?" चहा पीत पीत दोघं भांडत होते आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मला रहेमानभाईंचं पटलं. मागच्या साली जखमी डुकरानेच मानीबाईच्या मांडीवर दात मारला. तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागला, हे मला ठाऊक आहे. आईला एकटीला शेतात ठेवायचं नाही, हे तू त्याच दिवशी ठरवलंस. तुझी काळजी खोटी नाही. म्हणूनच मी म्हटलं, एका गोळीत निकाल लागेल असं द्या.

रायफल बांधून झाली आणि आम्ही यवतमाळजवळच्या एका रायफल क्लबच्या मैदानावर गेलो. काय सांगू तुला! पहिला बार उडवला तोच दस्ता खांद्यावरून सटकला आणि दंडाला असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गोळी पुठ्ठ्याला लागलीच नाही. दुसरी नाही, तिसरी नाही. पुढे पुढे तर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. दंड वांग्यासारखा निळा झाला. मैदानावरची माणसं तोंड फिरवून हसत होती. रहेमानभाई हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर "मी समजून होतो" असं काहीतरी होतं, आणि ते मला हसण्याहून जास्त लागलं.

मग पूनमसिंगने त्याची तीनशे पंधरा माझ्या हातात दिली. "काकू, हे पाहा." पहिली गोळी काळ्या गोलाच्या काठावर, दुसरी आत. मला वाटलं, झालं, काडतूसच चुकलं. मीच हट्टाने जड घेतलं. घरी येऊन आंबेहळद लावली आणि त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की अंकुर म्हणतो तेच खरं असेल. जावं पुण्याला. बाल्कनीत तुळस लावावी.

पण मन मानेना. पूनमसिंगची रायफल हातात घेतली तेव्हा ती आपोआप गालाला येऊन लागली होती. माझी घेतली की मान पुढे ताणावी लागायची. तो माझ्याएवढाच बुटका, हेही आठवलं. दोन दिवसांनी मी परत दुकानात गेले आणि रहेमानभाईंना सरळ विचारलं, "भाऊ, दस्ता कोणाच्या मापाचा केला?"

त्यांनी कानस खाली ठेवली. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "अंकुरबाबाच्या. दिवाळीत नाई का माप घेतलं? बंदूक शेवटी त्यालेच जानार नं, वहिनी. असं तर सारेच करतात. बाईच्या नावावर परवाना असते, माप पोराचं."

तेवढ्यात आतून त्यांच्या घरच्या हुस्नाबी चहा घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मंग चालवनार कोन? वहिनी का अंकुर? त्याले पुन्याहून फोनवर चालवाले लावता का?"

मला हसूही आलं आणि रडूही. हसू वर दिसलं, तेवढं बरं झालं. रहेमानभाई मात्र खरंच खजील झाले. माणूस वाईट नाही. बाबांच्या मयतीला सगळ्यांच्या आधी तोच पोचला होता. त्यांनी मला दोन वाटा सांगितल्या. "एक तर काडतूस बदलू. नळी तीनशे पंधराची बसवू, धक्का कमी होईल, लांब दस्त्यानंबी तुमचं कसंबसं भागून जाईल. दोन-चार सालाचा तर सवाल हाये. मंग अंकुरबाबाले बराबर बसेल. नाईतर थर्टी ओ सिक्सच राहू द्या, दस्ता कापतो. पन एक सांगतो वहिनी, एकदा कापला का हा दस्ता त्याच्या कामाचा नाई. काडतूस बदलाचं का लाकूड कापाचं, तुम्ही सांगा."

दोन-चार सालांचा सवाल. अंकुर, हे वाक्य मी घरी घेऊन आले. धुऱ्याच्या बांधावर बसले तरी तेच, भाकर थापतानाही तेच. बाबा गेल्यापासून गावात सगळे माझ्याशी असंच बोलतात. बी विकणारा म्हणतो, यंदापुरतं हे लावा. वेचणीच्या बाया विचारतात, पुढच्या साली कोणाकडे येऊ? तूसुद्धा विहिरीची मोटर नवी न घेता जुनीच दुरुस्त करून दिलीस. सगळ्यांनी मला पाहुणी करून टाकलं आणि मीही तशीच वागायला लागले होते. स्वतःच्या शेतात कोणाची तरी वस्तू सांभाळत बसल्यासारखी.

तुमच्याकडे मला काही कमी नाही. अर्पिता जीव लावते. पण तिथे मी पहाटे उठले की ती म्हणते, "झोपा हो आई, कशाला उठता?" आणि मला खरंच सांगता येत नाही, कशाला उठले ते. इथे उठल्यावर मला कोणी विचारत नाही. इथे काम माझी वाट बघत असतं.

मी दस्ता कापायला सांगितला. रहेमानभाईंनी माझा हात मोजला, लाकडावर खूण केली आणि करवत हातात घेऊन एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कापा." दोन बोटांएवढा तुकडा खाली पडला. त्यांनी मागे रबर बसवलं आणि आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. थर्टी ओ सिक्स तीच, दारू तीच, खांदा तोच. धक्का बसला, नाही असं नाही, पण मला तो पेलला आणि डोळे उघडे राहिले. गोळ्या पूनमसिंगच्या रायफलीपेक्षाही एकमेकींच्या जवळ लागल्या. "काकू, आता तुमीच मले शिकवा," तो म्हणाला आणि तरी जाता जाता तीनशे पंधराचं कौतुक करून गेलाच.

आता खरी गोष्ट. वनखात्याची परवानगी मिळाली आणि गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी तुरीतल्या मचाणावर बसले. एकटी नव्हते, पूनमसिंग होता आणि वनरक्षकही. दिवस मावळायच्या आधीच नाल्यातून कळप आला. पुढचा मोठा नर अगदी समोर उभा राहिला. पूनमसिंग कानाशी कुजबुजला, "मारा नं काकू!" मी चापावरचं बोट काढून घेतलं. त्याच्या मागे पांदणीच्या वाटेवरून वेचणीच्या बाया घरी चालल्या होत्या. गोळी वेगाची, डुकराला लागली तरी पार निघून जायची. "मांगं मानसं हायेत," मी म्हटलं. वनरक्षकाने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. डुकराने आमची तूर खाल्ली, मी बघत बसले. मग तो खाली उतरला, धुऱ्याच्या आडोशाला. मागे नुसती बांधाची माती. मी नेम धरला आणि चाप ओढला.

तो जागेवर बसला. बाकीचे नाल्यापलीकडे गेले आणि अजून या बाजूला फिरकले नाहीत.

नंतर मला खूप रडू आलं. तोही जीवच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीत गेले तर शेंगा झाडावर होत्या, उरलेल्या सगळ्या ओळी उभ्या होत्या, आणि मला किती आनंद झाला ते तुला लिहून सांगता येत नाही. बाबा गेल्यानंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

तर अंकुर, मक्त्याने शेत कसायला मागायला आलेल्या किसनसिंगला मी काल नाही म्हणून सांगितलं. मी पुण्याला राहायला येणार नाही. पुढच्या साली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. हात-पाय थकले की मी आपणहून सांगेन, तोवर तू सांगू नकोस. तुला राग येईल. येऊ दे, मी तुझीच आई आहे, मला तो ओळखू येतो. पण राग ओसरला की एवढंच बघ, तुझी आई घाबरून राहिलेली नाही.

संक्रांतीला सगळे या. मला न्यायला येऊ नका, माझ्याकडे या.

आपल्या शेतावरून,
तुझी आई
वच्छला