मोठी माणसं दोन हवीत

३ डिसें., बुध.
दुकान ह्यांच्यावर टाकून आदिलाबादला मीटिंगला. पोरांच्या क्रिकेटचे नवे नियम. मीटिंग घेणाऱ्या बाई तेलुगूत भरभर बोलत होत्या, निम्मं शेजारणीला विचारलं. एक पक्कं ध्यानात राहिलं: मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नको. ग्राउंडवर नको, गाडीवर तर नाहीच. आमच्या बोथ गावच्या पोरांनी काही सांगायचं असलं तर मला सांगायचं, असंही ठरलं. मला, जिला ओव्हर कधी संपली ते कळत नाही.

नियमांचा कागद विलासला दिला. धाकटा दीर, पोरांचा कोच. "बरं" म्हणाला.

६ डिसें., शनि.
संध्याकाळी वि.ची गाडी दुकानासमोरून गेली. मागे कविता, एकटीच. अकरा वर्षांची विकेटकीपर, हातापेक्षा ग्लोव्हज मोठे. बाप कापसाच्या जिनिंग मिलमधून उशिरा सुटतो, म्हणून वि. तिला तिच्या गावाला सोडतो. मध्ये चार किलोमीटर नुसती कपाशी.

वि.वर संशय? छे. मी लग्न होऊन आले तेव्हा हा नऊ वर्षांचा, माझ्या हातचे धपाटे खाऊन पाढे शिकला. पण आपला आहे म्हणून गप्प बसायचं, तर...

७ डिसें., रवि.
सांगितलं. चहा देतानाच, नंतर धीर झाला नसता.
"वैनी, तुमी मले असा समजून राह्यल्या का?"
"नाही रे."
"मंग काऊन? मागच्या वर्षी तुमीच तर म्हणत होत्या, सोडून ये तिले."
खरं होतं. म्हटलं, "चुकलं माझं. तू चांगला आहे म्हणून कोणी पाह्यलंच नाही. उद्या दुसरा कोच आला, तर पोरीले कसं कळन, कोणाच्या गाडीवर बसाचं अन् कोणाच्या नाही?"
चहा तसाच ठेवून गेला. हे म्हणाले, एवढं बोलायची गरज होती का. होती. तरी दुपारभर रडू येत होतं.

१० डिसें., बुध.
वि. बोलत नाही. पस्तिशी आली तरी रुसणं तेच.
कविताच्या बापाला गाठलं. म्हणतो, "सर सोडत नसन तर पोरीचं खेळणंच बंद करतो."
म्हटलं, "उशिरा ये, पण तूच ये. तवरोक ती एकटी राहणार नाही."
"पाहतो" म्हणाला. पोरीचं खेळणं माझ्यामुळे सुटलं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

१२ डिसें., शुक्र.
वि.चा फोन. पाच दिवसांनी.
"वैनी, सगळे पोरं गेले. कविता एकटीच आहे. मी गेटाबाहेर टपरीपाशी उभा आहो, इथून दिसते ती. तुमी या."
ठेवला.

गिऱ्हाईक तसंच सोडून मी गेले. रस्त्याच्या अल्याड हा, पल्याड ग्राउंडच्या पायरीवर ती, ग्लोव्हज घालून. आणि हा मधून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडतोय, "आंधी पाय हलव, मंग हात." ती उभी राहून करून दाखवतेय. मी तिच्याशेजारी जाऊन बसले तेव्हाच तो रस्ता ओलांडून आला. माझ्याकडे बघितलं नाही.

तिघं बसून राहिलो. बाप आला, उशिराच, पण आला. कविता विचारते, "काकू, उद्या बी येसान ना?" येईन म्हटलं.

ती गेल्यावर वि.नं किक मारली. म्हटलं, थांब जरा. गाडी चालू ठेवूनच थांबला. म्हटलं, "घरी चल, चहा ठेवते. त्या दिवशीचा राह्यला."